दोन दुष्काळ, एक राज्यपद्धती
आयर्लंड आणि दख्खन : एक तुलनात्मक अभ्यास

इ.स. १८२६ मध्ये चार्ल्स ट्रेव्हेलियन हा तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात दाखल झाला. सुमारे बारा वर्षे येथे काढल्यानंतर तो विलायतेस परतला आणि १८४० मध्ये ब्रिटिश खजिन्याचा सहायक सचिव झाला. १८४५ साली आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील मदतकार्याच्या खर्चाची सूत्रे याच अधिकाऱ्याच्या हाती होती. पुढे १८५९ मध्ये तो मद्रास इलाख्याचा गव्हर्नर म्हणून पुन्हा हिंदुस्थानात आला आणि त्यानंतर काही वर्षे हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य होता.

एका अधिकाऱ्याच्या नोकरीचा हा प्रवास लक्षात घेतला, की एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या देशांचा इतिहास आपण निरनिराळ्या पुस्तकांत वाचतो, त्यांचा कारभार एकाच कचेरीतून, एकाच विचाराने आणि पुष्कळदा त्याच माणसांकडून चालत होता. राज्यकर्ते आपल्या अंकित देशांची तुलना सदैव करीत आले. एका ठिकाणचा अनुभव ते दुसऱ्या ठिकाणी वापरीत. अंकित जनतेला मात्र आपले दुःख आपल्यापुरतेच आहे, ते निसर्गाच्या कोपामुळे किंवा आपल्याच आळसामुळे ओढवले आहे, असे शिकविले गेले. हा समज दूर करावयाचा असेल, तर दोन देशांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचला पाहिजे. आयर्लंडमधील १८४५ ते १८५२ चा दुष्काळ आणि दख्खनमधील १८७६ ते १८७८ चा दुष्काळ ही अशा अभ्यासासाठी अत्यंत उपयुक्त उदाहरणे आहेत.

तुलनेची पद्धत

तुलना म्हणजे कोणाचे हाल अधिक झाले याची स्पर्धा नव्हे. मृतांच्या आकड्यांची चढाओढ लावल्याने दोन्ही समाजांचे दुःख हलके होते आणि ज्ञानात भर काहीच पडत नाही. दोन्ही ठिकाणी तेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरांतील साम्य व भेद दोन्ही प्रामाणिकपणे नोंदवावेत, ही तुलनेची योग्य रीत होय. प्रस्तुत अभ्यासासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. जमीन कोणाच्या ताब्यात होती? पिकलेले धान्य कोठे गेले? मदत कोणत्या अटींवर दिली गेली? आणि आपले गाऱ्हाणे मांडण्यास लोकांना कोणते साधन होते?

जमीन कोणाची?

आयर्लंडमधील बहुतांश जमीन सतराव्या शतकातील जप्त्यांनंतर मोजक्या जमीनदारांच्या हाती गेली होती. त्यांतील अनेक जण इंग्लंडमध्ये राहत आणि खंड तेवढा वसूल करीत. कुळाने जमिनीत सुधारणा केली, तर बहुतेक भागांत तिचा मोबदला त्याला मिळत नसे. उलट खंड वाढण्याचीच भीती असे. धान्य व जनावरे विकून खंड भरावयाचा आणि उरलेल्या लहानशा तुकड्यावर बटाटा लावून कुटुंब जगवावयाचे, अशी लक्षावधी गरिबांची स्थिती होती. १८४५ च्या शरद ऋतूत बटाट्यावर करपा पडला आणि १८४६ मध्ये जवळजवळ सर्व पीक नष्ट झाले. त्याबरोबर या माणसांचे अन्नच नाहीसे झाले.

दख्खनमध्ये चित्र निराळे होते. पेशवाईच्या अस्तानंतर, १८१८ पासून येथे इंग्रजी अंमल सुरू झाला आणि रयतवारी पद्धत रूढ करण्यात आली. मध्ये जमीनदार नव्हता. रयतेचा संबंध थेट सरकारशी होता. सारा रोख भरावा लागे आणि पाऊस कमी झाला तरी आकारणी सहसा बदलत नसे. हप्त्याच्या वेळी रोकड नसली, म्हणजे शेतकरी सावकाराकडे जाई. पूर्वी गावाच्या दबावाने सावकाराला काही मर्यादा पाळावी लागे. नव्या दिवाणी न्यायालयांनी कागदावरील अंगठा हाच पुरावा मानला आणि जमीन सावकाराकडे जाऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाला चढा भाव आला आणि पुढे तो कोसळला. त्यानंतरच्या फेरआकारणीत सारा मात्र वाढविण्यात आला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. दुष्काळ आला तो या घटनेनंतर जेमतेम सव्वा वर्षाने.

येथे साम्याबरोबर भेदही आहे. आयर्लंडमध्ये कुळाच्या डोक्यावर जमीनदार होता. दख्खनमध्ये सरकार, न्यायालय आणि सावकार यांची साखळी होती. परंतु फळ एकच निघाले. नांगर धरणाऱ्याच्या हाती वाईट वर्षासाठी शिल्लक उरली नाही. पिकावरील रोग किंवा पावसाचा ताण ही नैसर्गिक आपत्ती खरी. पण त्या आपत्तीचे महामृत्यूत रूपांतर झाले, याचे कारण ही रिकामी कणगी होय.

धान्य कोठे गेले?

दुष्काळाच्या वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी व जनावरे इंग्लंडकडे जातच राहिली. १८४७ पासून धान्याची आयात निर्यातीहून अधिक झाली हे खरे. पण ते येईपर्यंत १८४६-४७ चा प्राणघातक हिवाळा उलटून गेला होता. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांना बंदरात धान्य असून उपयोग नव्हता.

हिंदुस्थानात १८७६ पर्यंत रेल्वे पसरली होती. धान्य दूर अंतरावरून आणता येणे शक्य झाले होते. परंतु व्यापारी माल भुकेकडे जात नाही, तो भावाकडे जातो. दुष्काळ चालू असताना हिंदुस्थानातून गव्हाची निर्यात थांबविण्यात आली नाही. मद्रास सरकारने स्वतः धान्य खरेदी केले, तेव्हा व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारने त्यावर नापसंती दर्शविली. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, हे तत्त्व लंडनमध्ये ट्रेव्हेलियनने जसे मानले, तसेच तीस वर्षांनी कलकत्त्यात लिटन यांनी मानले. १ जानेवारी १८७७ रोजी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यासाठी दिल्लीत दरबार भरला, तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ तीव्र होता.

मदत आणि तिच्या अटी

या प्रश्नाशी आले, की दोन्ही इतिहासांतील सर्वांत बोचरे साम्य समोर येते. उपाय माहीत नव्हता म्हणून माणसे मेली, असे दोन्ही ठिकाणी म्हणता येत नाही.

आयर्लंडमध्ये पहिल्या वर्षी पंतप्रधान पील यांनी अमेरिकेतून मका आणविला आणि त्या हंगामात उपासमारीचे मृत्यू फारसे झाले नाहीत. नंतर आलेल्या सरकारने रोजगाराच्या कामांवर भर दिला. दुर्बळ माणसे कडाक्याच्या थंडीत खडी फोडू लागली आणि मजुरी धान्याच्या भावाला पुरेनाशी झाली. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रे निघाली व त्यांतून एका वेळी दररोज सुमारे ३० लाख लोकांना अन्न मिळू लागले. व्यवस्था यशस्वी झाली असतानाच ती त्याच वर्षी बंद करून मदतीचा सारा भार स्थानिक करांवर टाकण्यात आला. शिवाय पाव एकरापेक्षा अधिक जमीन कसणाऱ्यास मदत नाही, अशी अट घालण्यात आली. म्हणजे भाकरी हवी असेल तर जमीन सोडा. अनेकांनी जमीन सोडली. अनेक जण जमीन धरून मेले. सुमारे १० लाख माणसे मृत्यू पावली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेतील सुमारे ८२ लाखांची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली.

हिंदुस्थानातही असाच धडा आधी गिरविला गेला होता. १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने मदत केली व मृत्यूंचे प्रमाण अत्यल्प राहिले. या यशाबद्दल त्यांची प्रशंसा होण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका आला. १८७७ च्या आरंभी त्याच टेंपल यांना दुष्काळी भागांच्या पाहणीसाठी पाठविण्यात आले, तेव्हा काटकसर हे त्यांचे ब्रीद बनले होते. त्यांनी कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषासाठी दररोज एक रत्तल धान्याच्या किमतीइतके पैसे व त्यावर एक आणा, असा मजुरीचा दर सुचविला. एक रत्तल म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर श्रम करणारा देह टिकत नाही, असा निर्वाळा दिला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी अशा दराने काम करण्याचे नाकारून दुष्काळी कामे सोडली. दुष्काळ आयोगाच्या अंदाजानुसार ब्रिटिश अंमलाखालील प्रांतांत ५० लाखांहून अधिक माणसे दगावली. मुंबई इलाख्यात सोलापूर आणि कलादगी, म्हणजे आजचा विजापूर-बागलकोट परिसर, यांना सर्वाधिक झळ पोहोचली.

गाऱ्हाणे कोणाकडे?

येथे दोन्ही देशांतील भेद महत्त्वाचा ठरतो. १८०१ पासून आयर्लंडचे प्रतिनिधी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसत होते. ते अल्पसंख्य असल्यामुळे दुष्काळ टाळू शकले नाहीत. परंतु पुढच्या पिढीने त्या सभागृहाचा आणि गावागावांतील संघटनेचा एकत्र उपयोग केला. हिंदुस्थानला पार्लमेंटमध्ये एकही जागा नव्हती. पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने दुष्काळी भागांतून माहिती गोळा करून सरकारकडे निवेदने पाठविली. जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले. गाऱ्हाणे होते, पुरावा होता. पण ऐकण्यास बांधलेले सभागृह नव्हते.

१८७९ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी दख्खनमध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले आणि शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डब्लिन येथे मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने आयरिश लँड लीग स्थापन झाली. तिने कुळांना संघटित केले. १८८० मध्ये मेयो परगण्यातील कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी गावाने सर्व व्यवहार तोडले आणि ‘बॉयकॉट’ हा शब्द जगाला मिळाला. १८८१ च्या कायद्याने आयरिश कुळांना रास्त खंड, कसण्याची शाश्वती व आपला हक्क विकण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. दोन्हीकडे कायदा बदलला, पण तो माणसे गेल्यानंतर आणि लोक उठल्यानंतर.

सहभावनेचे धागे

दुःखाची ओळख पटली, की हात पुढे येतात. आयर्लंडच्या मदतीसाठी बाहेरून आलेल्या पहिल्या निधींत कलकत्त्याहून गेलेल्या निधीचा समावेश होतो. २३ मार्च १८४७ रोजी अमेरिकेतील चॉक्टॉ या मूळ रहिवासी जमातीने आजच्या ओक्लाहोमा राज्यातील स्कलीव्हिल येथे सभा घेऊन आयरिश दुष्काळग्रस्तांसाठी १७० डॉलर गोळा केले. या जमातीला १८३० च्या सक्तीच्या तहानंतर मिसिसिपीतील आपली भूमी सोडावी लागली होती आणि त्या वाटचालीत तिची हजारो माणसे थंडीने, उपासाने व रोगराईने मेली होती. रक्कम लहान होती. देणारेही निर्धन होते. आयर्लंडने ती विसरली नाही. कॉर्क परगण्यातील मिडल्टन येथे या दानाचे स्मारक म्हणून पोलादी पिसांचे एक शिल्प उभारण्यात आले व २०१७ मध्ये त्याचे रीतसर अनावरण झाले. २०२० मध्ये करोनाच्या साथीने अमेरिकेतील नॅव्हाहो व होपी जमातींना ग्रासले, तेव्हा असंख्य आयरिश नागरिकांनी ते जुने ऋण स्मरून त्यांना मदत पाठविली.

हिंदुस्थान व आयर्लंड यांचे नाते राजकारणातही दृढ झाले. आयरिश नेते आल्फ्रेड वेब हे १८९४ च्या मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळक व डॉ. ॲनी बेझंट यांनी स्थापन केलेल्या संघांचे ‘होमरूल’ हे नाव आयरिश चळवळीतूनच आले. १९२० च्या जूनमध्ये जालंधर येथील कॅनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश सैनिकांनी, आपल्या देशात इंग्रज फौजा करीत असलेल्या अत्याचारांच्या निषेधार्थ, नोकरी करण्याचे नाकारले. याच पलटणीतील जेम्स डॅली यास २ नोव्हेंबर १९२० रोजी गोळ्या घालण्यात आल्या. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना १९३७ च्या आयरिश राज्यघटनेवरून घेण्यात आली आहे.

सहभावनेच्या मर्यादा

हे धागे सांगताना दुसरी बाजू झाकणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. १९१९ मध्ये पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेले आणि जालियनवाला बागेतील गोळीबाराचे समर्थन करणारे मायकेल ओड्वायर हे आयर्लंडमधील टिपेररी परगण्याचे होते. तो गोळीबार करविणाऱ्या जनरल डायरचे काही शिक्षण मिडल्टनच्या शाळेत, म्हणजे चॉक्टॉ जमातीचे स्मारक आज ज्या गावात आहे त्याच गावात झाले होते. साम्राज्याच्या सैन्यात व मुलकी सेवेत आयरिश माणसे मोठ्या संख्येने होती. चॉक्टॉ जमातीतील सधन लोक त्या काळी आफ्रिकन वंशाच्या माणसांना गुलाम म्हणून बाळगीत होते. कलकत्त्याच्या निधीत ब्रिटिश अधिकाऱ्यांचाही पैसा होता.

यावरून निघणारा निष्कर्ष कटू असला तरी आवश्यक आहे. दुःख सोसले म्हणून माणूस किंवा समाज आपोआप न्यायी होत नाही. सहभावना वारशाने मिळत नाही, ती प्रत्येक पिढीला जाणीवपूर्वक मिळवावी लागते. स्वतःच्या पायातील काटा दिसतो, पण आपल्या पायाखाली कोण आहे हे पाहण्यास निराळी दृष्टी लागते.

महाराष्ट्रात ही दृष्टी जोतीराव फुले यांनी फार लवकर दाखविली. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला. दूर देशातील गुलामांची मुक्तता आणि आपल्या गावातील शूद्रातिशूद्रांची स्थिती ही त्यांनी एकाच मापाने मोजली. परकीय सत्तेचा अन्याय आणि स्वकीयांचा अन्याय यांना निरनिराळे माप लावणे त्यांना मान्य नव्हते. तुलनेचा खरा कस येथेच लागतो. इतरांच्या इतिहासाशी आपला इतिहास ताडून पाहताना जे प्रश्न इंग्रज सरकारला विचारले जातात, तेच आपल्या समाजालाही विचारावे लागतात.

आजच्या कामाशी संबंध

या अभ्यासाचा उपयोग केवळ परीक्षेपुरता नाही. टेंपल यांच्या काळी दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती. ती केव्हा द्यावी, किती द्यावी आणि केव्हा बंद करावी, हे अधिकारी ठरवीत. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि मदतीला काही नियम आले. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना या संहितेतील तरतुदी समजावून दिल्या आणि त्यांनुसार मिळणारी सूट निर्भयपणे मागण्यास सांगितले. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने आणखी मोठे पाऊल टाकले. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला आणि मागेल त्याला काम हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला. मेहेरबानीपासून नियमापर्यंत आणि नियमापासून हक्कापर्यंत येण्यास शंभर वर्षे लागली.

म्हणून मदतीची कोणतीही योजना राबविताना अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी या दोन दुष्काळांतील काही गोष्टी ध्यानी ठेवणे उचित ठरेल. गरजू माणसाला मदत मिळविण्यासाठी आपले जगण्याचे साधन सोडावे लागते काय? मजुरी बाजारभावाशी सुसंगत आहे काय? चांगली चाललेली व्यवस्था केवळ खर्चाच्या धास्तीने अवेळी बंद होत आहे काय? तक्रार करणाऱ्याचे म्हणणे कोणीतरी ऐकून त्याला उत्तर देते काय? पाव एकराची अट व एक रत्तल धान्य ही कागदावर किरकोळ वाटणारी कलमे होती. त्यांनी लाखोंचे आयुष्य ठरविले.

शिक्षकांना हा विषय वरच्या वर्गांत दोन तासिकांत मांडता येईल. पहिल्या तासिकेत फळ्यावर दोन रकाने आखून वरील चार प्रश्नांची आयर्लंड व दख्खन अशी उत्तरे विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावीत. साम्य आणि भेद यांवर निरनिराळ्या खुणा करण्यास सांगावे. दुसऱ्या तासिकेत विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील वृद्धांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी, दुष्काळी कामे, सुकडीचे वाटप, स्थलांतर यांविषयी माहिती आणून तिसरा रकाना भरावा. या रकान्यात जे बदललेले दिसेल ते का बदलले आणि जे बदललेले नसेल ते का राहिले, यावर चर्चा व्हावी. आपल्या गावाचा अनुभव जगाच्या इतिहासात कोठे बसतो, हे ज्या विद्यार्थ्याला उमगेल, त्याला परक्या देशातील भुकेल्या माणसाची बातमी परकी वाटणार नाही आणि आपल्या गावच्या वेशीबाहेरील वस्तीची भूकही नजरेआड करता येणार नाही.